दर्याची काठी, तलावाचा काठ

मालेगावहून शेलूबाजारकडे जाताना वाटेत किन्हीराजा लागतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावात, आमच्या घराच्या माळ्यावर, किनाऱ्यावरून दर्यात गळ फेकायची बारा फुटी काठी पडून होती, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण होती. वडील रत्नागिरीला नोकरीत असताना त्यांनी ती हौसेनं घेतली होती. निवृत्तीनंतर बिऱ्हाड गावी आलं, तेव्हा ट्रकच्या फाळक्यात सापडून तिचा वरचा भाग मोडला. पुढे वडील गेले, काठी राहिली.

मागच्या दिवाळीत मी ती भंगारात द्यायला काढली. काका म्हणाले, "काहून फेकतं रे बाप्पा? बुड तं साबूत हाये!"

मी म्हटलं, इथे ती कामाची नाही. ते खरंही होतं. किनाऱ्यावरच्या काठीला शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शिसं लाटांपलीकडे फेकायचं असतं, म्हणून ती लांब आणि ताठ असते. तलावात दहा-पंधरा ग्रॅम पुरतात. एवढ्याशा वजनानं ती वाकत नाही, आणि काठी वाकली नाही तर फेक जात नाही. शिवाय रोहू आमिष हळूच चाखतो. ताठ टोकाला ते कळतही नाही.

काकांनी वरचा भाग माणवेल बांबूचा करायचं ठरवलं. हा बांबू जवळजवळ भरीव असतो. बुरडाकडून त्यांनी हिवाळ्यात तोडलेला, सावलीत सुकवलेला बांबू आणला. पावसाळ्यानंतर तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी असतो, म्हणून त्याला भुंगा कमी लागतो. निखाऱ्यावर हलकेच शेकून त्यांनी वाक काढला, पेरं घासली, बुंधा तासून फायबरच्या पोकळ नळीत चार बोटं बसवला. एपॉक्सी लावून वरून रेशमी दोरा घट्ट गुंडाळला. मग टोक जमिनीला टेकवून काठी दाबत फिरवली. ती आपोआप एका बाजूवर स्थिरावली. "हा तिचा कणा," काका म्हणाले. त्याच रेषेत त्यांनी जुन्या कड्या बांधल्या, म्हणजे ओढ बसली तरी काठी पिळवटत नाही. दोऱ्यावर वार्निशचे तीन हात दिले.

गंमत म्हणजे ही युक्ती जुनीच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या कांबी चिकटवून गळाच्या काठ्या घडू लागल्या, तेव्हा बांबू भारतातून जाई. तिकडे त्याचं नावच 'कलकत्ता केन' पडलं. तो आपल्या माणवेलाचाच जातभाई. पुढे चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० च्या सुमारास अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेना, आणि फायबरग्लासनं बाजार काबीज केला. त्या फायबरग्लासला आमच्या अंगणात पुन्हा बांबूच कामी आला!

शेवटी उरली मूठ. तिचं रबर झिजून खड्डे पडले होते. मी म्हटलं, "काका, हेही बदलू या." त्यांनी काठी माझ्या हातून घेतली. म्हणाले, "राहू दे. थो तुह्या बापाचा हात हाये."

तलाव मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात होता. आधी रीतसर विचारलं, मग संध्याकाळी गेलो. पहिली फेक वाकडी गेली, दुसरीला तंगूस गुंतला. तिसऱ्या वेळी शिसं मोकळं उडालं आणि पाण्यात छोटं वर्तुळ उमटलं. बऱ्याच वेळानं टोक थरथरलं. वीतभर रोहू आला. काकांनी गळ सोडवून त्याला पाण्यात सोडून दिलं.

घरी येताना काठी माझ्या खांद्यावर होती. बोटं नकळत त्या खड्ड्यांत बसली होती. काठी पुन्हा माळ्यावर गेली नाही. ती आता दाराआड उभी असते.