डाकोटा फुटला, आंध्र फुटला
(अध्यक्ष कसा निवडावा : लेखांक नववा)

आज अमेरिकेतली १८२४ ची निवडणूक सांगायची, असं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो. मूर्तिजापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या दोन प्रश्नांनी सगळा आठवडा खाल्ला. ते लिहितात: राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमच्या मूर्तिजापूरच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचं अवघं ७. सगळे आमदार लोकांनीच निवडून दिलेले, मग असा दुजाभाव का? आणि उद्या वेगळा विदर्भ झालाच, तर आमचं वजन वाढेल की घटेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. राज्याची लोकसंख्या घ्यायची, विधानसभेतल्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायची आणि पुन्हा हजारानं भागायची. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेची. त्या वर्षाकडे शेवटी येतो. महाराष्ट्रात तेव्हा ५ कोटी ४ लाख १२ हजार माणसं होती, आमदार २८८, म्हणून १७५. आता हा हिशेब उलटा करून पाहा. २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४००. उत्तर प्रदेशात ४०३ गुणिले २०८ म्हणजे ८३,८२४, आणि १९७१ ची तिथली लोकसंख्या ८ कोटी ३८ लाख. सिक्कीममध्ये ३२ गुणिले ७ म्हणजे २२४, लोकसंख्या २ लाख १० हजार. सगळीकडे हजार माणसांमागे एक मत पडतं. सिक्कीमच्या आमदाराच्या पाठीशी सरासरी साडेसहा हजार माणसं होती, महाराष्ट्रातल्या आमदाराच्या पाठीशी पावणेदोन लाख. मताचं मूल्य त्या माणसांचं आहे, आमदार ते फक्त मुंबईला विधानभवनात घेऊन जातो. (आपल्या अमरावती विभागातले पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे आमदार इथं मत देऊ शकत नाहीत. विधान परिषदेला या निवडणुकीत स्थानच नाही.)

दुसरा प्रश्न खरा मोलाचा. तो कागदावर सोडवत बसायची गरज नाही, कारण २०१४ साली तो प्रत्यक्षात सुटला आहे. त्या वर्षी आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळा झाला. अखंड आंध्रात २९४ आमदार होते, प्रत्येकाच्या मताचं मूल्य १४८, एकूण ४३,५१२. फाळणीनंतर आंध्रात १७५ आमदार, प्रत्येकी १५९, म्हणजे २७,८२५. तेलंगणात ११९ आमदार, प्रत्येकी १३२, म्हणजे १५,७०८. बेरीज करा: ४३,५३३. एवढं मोठं राज्य फुटलं आणि फरक पडला २१ मतांचा, तोही अपूर्णांक पुढंमागं धरल्यामुळं. खासदारांचंही तसंच. लोकसभेच्या ४२ जागांच्या २५ आणि १७ झाल्या, राज्यसभेच्या १८ जागांच्या ११ आणि ७. फाळणीनं कुणाला एक जागा जास्तीची मिळाली नाही. विदर्भाचे ६२ आमदार उद्या वेगळ्या विधानसभेत बसले, तर त्यांच्या मताचा आकडा १७५ राहणार नाही, पण वऱ्हाडातल्या आणि नागपुरातल्या माणसांचं एकूण वजन राहील तेवढंच.

हेच अमेरिकेत घडलं तर? घडलेलं आहे. डाकोटा नावाचा एक मोठा, विरळ वस्तीचा प्रदेश होता. त्याला राज्याचा दर्जा द्यायची वेळ आली तेव्हा त्याचे दोन तुकडे केले आणि २ नोव्हेंबर १८८९ ला उत्तर डाकोटा आणि दक्षिण डाकोटा अशी दोन राज्यं संघात आली. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सह्या करताना दोन्ही कागद मुद्दाम असे मिसळून घेतले की आधी कोणतं राज्य झालं ते कुणाला कळू नये. वडीलकीचा मान कुणालाच द्यायचा नव्हता. हा किस्सा मला फार आवडतो. पण त्याहून महत्त्वाचं हे की हे हॅरिसन स्वतः १८८८ साली जनतेच्या मतांत प्रतिस्पर्धी क्लीव्हलँड यांच्या मागं राहूनही अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांच्या बळावर निवडून आलेले होते.

प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागा, आणि राज्याचे निर्वाचक म्हणजे त्याच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांची बेरीज, हे आपण मागं पाहिलं. एका डाकोटाचे दोन झाल्याबरोबर दोन निर्वाचक जास्तीचे मिळाले. आज दोन्ही डाकोटांची मिळून लोकसंख्या २०२० च्या गणनेप्रमाणं १६ लाख ६६ हजार आहे आणि निर्वाचक ६. शेजारच्याच पट्ट्यातल्या आयडाहोची लोकसंख्या १८ लाख ३९ हजार, म्हणजे जास्त, आणि निर्वाचक ४. डाकोटा फुटला आणि वजन वाढलं. आंध्र फुटला आणि वजन होतं तिथंच राहिलं. अमेरिकेत मत राज्याला बांधलेलं आहे, आपल्याकडे माणसांना.

असं का, याचा विचार करताना मला मूर्तिजापूरचं स्टेशन डोळ्यांपुढं येतं. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं हे स्टेशन जागचं हललं नाही, पण १९५२ साली पहिली राष्ट्रपती निवडणूक आमदारांच्या मतांनी झाली, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १९५७ च्या निवडणुकीत तो द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात. लागोपाठ तीन निवडणुका, तीन वेगळी राज्यं. त्याआधी तर मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असं वऱ्हाडानं १८५३ पासून सोसलेलं. या मातीतल्या माणसाला राज्य ही अढळ गोष्ट वाटूच शकत नाही.

घटनाकारांनाही तशी ती वाटत नव्हती. १९४९ साली संस्थानं विलीन होत होती, भाषावार प्रांतांची मागणी पेटलेली होती, नकाशा रोज बदलत होता. तिसऱ्या कलमानं संसदेला राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार दिला; संबंधित विधानसभेचं मत विचारायचं, पण ते बंधनकारक नाही. अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडता येत नाही, आणि सिनेटमधला त्याचा समान वाटा तर त्याच्या संमतीशिवाय घटनादुरुस्तीनंही काढता येत नाही. ज्या देशात राज्याची हद्द उद्या बदलू शकते, तिथं मताचं वजन राज्याला देऊन चालणारच नव्हतं. ते माणसांना दिलं, म्हणून वऱ्हाड दोनदा राज्य बदलूनही या हिशेबात कधी हरवला नाही. पंचावन्नाव्या कलमातली ही गोष्ट मला फार दूरदृष्टीची वाटते.

अर्थात लहान राज्यांना थोडं झुकतं माप आपल्याकडेही आहे, पण ते खासदारांच्या वाटेनं येतं. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज खासदारांच्या संख्येनं भागून खासदाराचं मूल्य काढतात. २०१७ साली ते ७०८ होतं. २०२२ साली जम्मू-काश्मीरची विधानसभा नसल्यामुळं ७०० झालं. सिक्कीमचे लोकसभा आणि राज्यसभा मिळून दोन खासदार, त्यांची २०१७ ची मतं १,४१६, म्हणजे तिथल्या साऱ्या विधानसभेच्या सहापट!

राज्य पुनर्रचनेच्या या गोष्टीत चिंतामणराव देशमुख न येते तर नवल. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख १९६९ साली स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले.  पहिल्या पसंतीत अपक्ष व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, काँग्रेसच्या संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. गिरींना १६,६५४ कमी पडत होती. देशमुख सोडून बाकी किरकोळ उमेदवारांची सारी मतं मिळून ८,५०५ च होती. ती सगळीच्या सगळी गिरींकडे गेली असं धरलं तरी हा उंबरठा ओलांडायला देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती लागणारच होती. देशमुखांच्या पाठिराख्या पक्षांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, अशी खटपट काँग्रेसच्या संघटनेनं केली होती. त्यातली बरीचशी मतं रेड्डींकडे गेलीही, पण पुरेशी नाही. गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली आपली ही एकमेव राष्ट्रपती निवडणूक.

अमेरिकेत कुणालाच बहुमत मिळालं नाही तर निवड प्रतिनिधी सभेकडे जाते आणि तिथं प्रत्येक राज्याला एकच मत असतं, कॅलिफोर्नियालाही आणि वायोमिंगलाही. पेच पडला की ते राज्यांकडे परततात, आपण मतदाराचीच पुढची पसंती पाहतो. आणि योगायोग पाहा: ऑगस्ट १९६९ मध्ये गिरी निवडून आले, सप्टेंबरात अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेनं अध्यक्षाची थेट निवडणूक करण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. पुढच्या वर्षी ती सिनेटमध्ये अडली. अडवणाऱ्यांत दक्षिणेतल्या आणि लहान राज्यांतल्या सिनेटरांचाच पुढाकार होता.

आता १९७१ कडे. कुटुंब नियोजन नेटानं राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली हा आकडा गोठवला आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. अमेरिकेत निर्वाचकांची वाटणी दर दहा वर्षांनी नव्यानं होते. २०२० च्या गणनेनंतर कॅलिफोर्नियाचा एक कमी झाला, टेक्सासचे दोन वाढले, आणि देश पुढं चालला. आपल्याकडे मात्र पन्नास वर्षांचा फरक एकदम अंगावर येणार आहे. आज तमिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६ आहे, आपल्याहून एक जास्त. २०११ च्या लोकसंख्येनं मोजलं तर त्यांचं ३०८ आणि आपलं ३९० होईल. उत्तर प्रदेशचं ४९६. देशाच्या लोकसंख्येत तमिळनाडूचा वाटा १९७१ साली साडेसात टक्के होता, २०११ साली सहा टक्क्यांवर आला. उत्तर प्रदेशचा सव्वापंधरावरून साडेसोळावर गेला. महाराष्ट्राचा १९७१ साली ९.२ टक्के होता, २०११ साली ९.३. आपलं या वादात जवळजवळ काहीच जात नाही आणि काही येत नाही. म्हणून १९७१ चा आकडा आणखी एक पिढी तरी राहावा, असं मी महाराष्ट्रातून म्हणतो तेव्हा त्यात आपल्या राज्याचा स्वार्थ नाही. दिलेला शब्द पाळणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा व्हावी, हे मला पटत नाही. मूर्तिजापूरच्या वाचकांचं याबाबत काय मत आहे, ते त्यांनी जरूर कळवावं. पुढच्या आठवड्यात १८२४ चे जॅक्सन आणि ॲडम्स.