रामनगरची पहाट आणि लांब उच्छ्वास

नागपुरात योग घरोघरी नेला तो जनार्दनस्वामींनी. रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ 1951 पासूनचं, आणि शिकवणं विनामूल्य. ‘सुलभ सांघिक आसने’ या स्वामींच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची दृष्टी कळते: सोपं हवं आणि सगळ्यांनी मिळून करायचं.

पण योग म्हणजे केवळ आसनं नव्हेत. हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त, आसनं पंधराच आहेत; श्वास चंचल असला की मनही चंचल, हा त्या ग्रंथाचा गाभा. शरीरशास्त्राचाही याला दुजोरा आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर निवतं. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. सरावाने तो सहाच्या आसपास येतो. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं पुरेत, ऑफिसच्या खुर्चीतही जमतं.

पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत शीतली प्राणायाम करून पाहा: जिभेची पन्हळ करून तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाने सोडायचा. मात्र भर उन्हात नको, पहाटेच्या गारव्यात.

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर कुंभक (श्वास रोखणं) आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरात श्वास) टाळा. व्हिडिओ पाहून श्वास कोंडण्याचे प्रयोग तर कुणीच करू नयेत. असा प्राणायाम जाणत्या शिक्षकासमोर बसूनच शिकावा.