जपानी 'हाइ'चा अर्थ

जपानी कंपनीशी बोलणी करताना समोरची व्यक्ती वारंवार 'हाइ' म्हणते. शब्दकोशात त्याचा अर्थ 'होय' असला, तरी बैठकीत तो बहुधा 'ऐकतो आहे' एवढाच असतो. मराठी माणसाच्या 'हं'सारखा. त्यावर विसंबून सौदा पक्का झाला, असे मानणारे तोंडघशी पडतात. उलट 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', हे शब्द आले की तो सभ्य नकार समजावा.

मुळात निर्णय बैठकीत सहसा होतच नाही. संबंधितांशी आधी स्वतंत्रपणे बोलून सहमती मिळवली जाते. या पद्धतीस 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलविण्यापूर्वी मुळांभोवती खणून ती तयार करण्याच्या बागकामावरून हा शब्द आला. मग 'रिंगी-शो' हा लेखी प्रस्ताव खात्याखात्यांतून फिरतो. आपल्या सरकारी फायलीची आठवण व्हावी असाच हा प्रवास. मात्र मंजुरीनंतर अंमलबजावणी झपाट्याने होते.

गैरसमज दुसऱ्या बाजूनेही होतात. भारतीय अभियंत्याचे 'होऊन जाईल' जपानी ग्राहकाला वचन वाटते. तारीख चुकली की पुढचे काम हातचे जाऊ शकते. त्यामुळे दोन्ही भाषा जाणणाऱ्या मध्यस्थाला 'होऊन जाईल'चे भाषांतर करण्याआधी 'कधी?' हे विचारून घ्यावे लागते.