वारस कोण, हे ठरवितो कोण?

राजघराण्यांचा इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सिंहासने डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, राज्यांची जितकी उलथापालथ रणांगणावर झाली, तितकीच ती राजाच्या मृत्युशय्येपाशी झालेली आहे. राजा गेला, आता गादीवर कोण? हा प्रश्न वरवर पाहता घरगुती दिसतो. वस्तुतः तो राज्याच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे. शिक्का कोणाच्याही नावाचा असो, ज्याच्या शब्दाने वारस ठरतो त्याच्या हाती राज्याची खरी सत्ता असते. हे तत्त्व समजून घेण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा व सांगली या दोन गाद्यांच्या कथेत ते संपूर्ण सामावलेले आहे.

प्रथम जगाकडे एक दृष्टी टाकू. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स १७०० साली निपुत्रिक वारला. त्याने मृत्युपत्रान्वये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला राज्य दिले, आणि त्या एका कागदापायी युरोपात १७०१ पासून १७१४ पर्यंत युद्ध चालले. ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सला मुलगा नव्हता. कन्येलाही गादी मिळावी म्हणून १७१३ साली, म्हणजे मारिया थेरेसाच्या जन्मापूर्वीच, त्याने खास फर्मान काढले व पुढे एकेका दरबाराची त्यास संमती मिळविली. १७४० साली त्याने डोळे मिटताच प्रशियाच्या फ्रेडरिकने सायलेशियात सैन्य घातले, आणि आठ वर्षे युद्ध पेटले. इंग्लंडात १८३७ साली व्हिक्टोरिया राणी झाली, तेव्हा हॅनोव्हरचे राज्य इंग्लंडच्या राजमुकुटापासून वेगळे झाले; कारण तेथील नियमाप्रमाणे पुरुष वारस हयात असता स्त्रीला गादी मिळत नसे. तुर्कस्तानात तर १५९५ साली तिसरा मेहमद सुलतान झाला, तेव्हा तंटाच उरू नये म्हणून त्याच्या एकोणीस भावांचा प्राण घेण्यात आला.

याच्या उलट प्राचीन रोमचे उदाहरण आहे. ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस व मार्कस ऑरेलियस हे चार श्रेष्ठ सम्राट एकामागून एक दत्तकविधानाने गादीवर आले. त्यांपैकी हेड्रियनचे दत्तक तर ११७ साली ट्राजनच्या मृत्युशय्येवर झाल्याचे सांगण्यात आले. त्याविषयी कुजबूज झाली. पण सैन्याने व सिनेटने ते मान्य केले आणि राज्य चालले. मार्कसने मात्र गादी स्वतःच्या औरस पुत्रास दिली, आणि त्या कोमोडसने ती बदनाम केली. रक्ताचा वारस चांगला व दत्तक दुय्यम, ही समजूत इतिहासाला मंजूर नाही. मृत्युशय्येवरील हे दत्तक ध्यानात ठेवावे. सातारच्या कथेत त्याची पुन्हा आठवण होणार आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला. परंतु १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. भोसले कुळाच्या दोन गाद्या झाल्या, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर यांची वाटणी पक्की झाली. शाहू महाराजांना औरस पुत्र नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निवर्तले, तेव्हा ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला. पण सत्तेची सूत्रे आपल्या हाती येत नाहीत असे दिसताच त्याच ताराबाईंनी १७५० साली त्याला सातारच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, आणि १७५२ साली जेजुरीच्या खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे, अशी शपथ घेतली. एकाच मुखाने वारस उभा केला व एकाच मुखाने तो नाकारला! मधल्या मध्ये १७५० च्या सांगोल्याच्या कराराने राज्याचा सर्व कारभार नानासाहेब पेशव्यांकडे गेला.

यापुढे एक विलक्षण देखावा दिसू लागला. नव्या पेशव्यास पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत. त्यांवाचून त्याचे पद पुरे होत नसे. उलट रामराजा १७७७ साली वारला, तेव्हा वावीकर भोसल्यांच्या घरातून आणलेल्या दुसऱ्या शाहू महाराजांना दत्तक बसविण्याचा निर्णय पुण्याच्या कारभाऱ्यांनी केला. वस्त्रे सातारा देई. पण ती देणारा कोण असावा, हे पुणे ठरवी. जपानात १६०३ ते १८६८ पर्यंत सम्राट क्योटोस आणि सत्ता तोकुगावा घराण्याच्या हाती, हा प्रकार याच जातीचा होता. फ्रान्समध्ये ७५१ साली पेपिन नावाच्या कारभाऱ्याने नामधारी राजाला मठात पाठवून मुकुट स्वतःच्या मस्तकी घातला. पेशव्यांनी ही पायरी कधीही ओलांडली नाही, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसविण्यात आले, व २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने हे राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना देण्यात आले. प्रतापसिंह कर्तबगार निघाले. त्यांनी रस्ते बांधविले, पाठशाळा काढली, दप्तर व्यवस्थित केले. परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांशी वाद वाढून १८३९ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यास गेलेले रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये दाद मागत राहिले.

गादीवर आलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी ५ एप्रिल १८४८ रोजी, मृत्यूपूर्वी काही घटका, व्यंकोजी नावाच्या मुलास दत्तक घेतले. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा सर्व बाबतींत पुत्रच होय. सातारचा रेसिडेंट बार्टल फ्रियर व मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क हे दोघेही इंग्रज अधिकारी राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होते. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने एक सूक्ष्म भेद काढला. दत्तक पुत्र पित्याचे श्राद्ध करील, त्याची खाजगी मालमत्ता घेईल. पण राज्य घेण्यास सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी, आणि ती देणे न देणे आमच्या मर्जीवर आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मुंबई इलाख्यातील दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मधोमध सातारचा मुलूख होता, हेही त्याने दृष्टीआड केले नाही. १८४९ साली सातारचे राज्य खालसा झाले. ज्या रोमन सम्राटांचे गोडवे इंग्रज विद्यार्थी शाळेत शिकत, त्या सम्राटांना डलहौसीचा नियम लावला असता त्यांच्यापैकी एकाचाही हक्क टिकला नसता.

सातारा हा नमुना ठरला. १८५४ साली झाशी व नागपूर यांची तीच गत झाली, आणि १८५७ च्या उठावाच्या कारणांत या दत्तकनिषेधाचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी साताऱ्यास उठावाचा कट उघडकीस येऊन गेंडा माळावर १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. मग सरकारचे डोळे उघडले. १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या. सातारची गादी मात्र परत आली नाही.

आता कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली सांगलीकडे वळू. येथील पटवर्धनांचा मूळ पुरुष हरिभट हा कोकणातील कोतवड्याचा भिक्षुक ब्राह्मण असून इचलकरंजीकर घोरपड्यांचा उपाध्याय होता. त्याच्या पुत्रपौत्रांनी पेशव्यांच्या पदरी तलवार गाजवून मिरजेभोवती मोठा सरंजाम मिळविला. साताऱ्यास पुत्राचा अभाव ही आपत्ती होती. पटवर्धनांच्या घरात वाटेकऱ्यांची विपुलता ही आपत्ती ठरली. चुलत्यापुतण्यांच्या कलहातून १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीस राजधानी केली. १८२० साली मिरजेचे चार वाटे झाले. त्यांतील दोन पुरुष वारसाअभावी १८४२ व १८४५ साली खालसा झाले. कुरुंदवाडचीही पुढे थोरली पाती व धाकटी पाती झाली. तासगावचा वाटा १८४८ साली, म्हणजे सातारच्या महाराजांच्या मृत्यूच्याच वर्षी, कंपनीच्या पोटात गेला. शार्लमेनच्या नातवांनी ८४३ साली व्हर्दनच्या तहाने त्याचे साम्राज्य तीन ठिकाणी वाटून घेतले, त्याचीच ही लहान आवृत्ती होय. वाटणीने घरात शांतता येते. परंतु प्रत्येक वाट्याला पुढे स्वतंत्र वारस लागतो, आणि जितके वाटे तितक्या गाद्या निर्वंश होण्याचा संभव वाढतो.

सांगलीचे चिंतामणराव १८५१ पर्यंत जगले. गणपतीचे देवालय त्यांच्याच कारकीर्दीतले, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला तो त्यांच्याच आश्रयाने. त्यांचे पुत्र धुंडिराज तात्यासाहेब १९०१ साली निपुत्रिक वारले. साताऱ्यात त्रेपन्न वर्षांपूर्वी उभा राहिलेला प्रश्न आता सांगलीत उभा राहिला. परंतु काळ पालटला होता. सरकारने पटवर्धन कुळातीलच एका मुलाची निवड केली. तेच दुसरे चिंतामणराव होत. १९१० साली त्यांना अधिकार मिळाले, व संस्थान वाचले. येथेही एक गोष्ट विसरता कामा नये. साताऱ्यास वारस नाकारणारी व सांगलीस वारस देणारी सत्ता एकच होती. तिची नीती बदलली. अधिकार तिने सोडला नव्हता.

हा अधिकार आपखुशीने खाली उतरविण्याचे काम याच भागातील एका लहान संस्थानाने केले. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे राज्य अवघ्या ७२ गावांचे, आणि तेही आज मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांत पडणाऱ्या विखुरलेल्या तुकड्यांचे. त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये जाहीर करून ग्रामपंचायतींच्या पायावर कारभार प्रजेच्या हाती दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली ती त्याच सुमारास. वारसाची चिंता ज्याला त्याला असते. येथे एका राजाने सबंध प्रजेलाच वारस केले.

८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा असा नवा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माजी संस्थानिकांचे तनखे व पदव्या १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाल्या. तेव्हापासून कोणत्या कुळात कोण दत्तक गेला, हा पुन्हा त्या कुळाचा घरगुती प्रश्न झाला. घरोघरच्या वारसाचे नियमही १९५६ च्या कायद्यांनी नव्याने बांधले गेले. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि पित्याच्या मिळकतीत कन्येला हक्काचा वाटा मिळाला.

श्रोत्यांपैकी पुष्कळांनी सातारचा जुना राजवाडा पाहिला असेल. गादी गेल्यावर त्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ज्या राजवाड्याचा दत्तक पुत्र परसत्तेच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने बाहेर राहिला, त्याच राजवाड्यात बसून या विद्यार्थ्याने इंग्रजीचे पहिले धडे गिरविले, आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. सत्ताधारी कोण, हे ठरविण्याचा जो अधिकार ताराबाईंनी, पेशव्यांनी, कंपनीने व बादशाही सरकारने आळीपाळीने हाती धरला, तो त्या घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या मतात ठेवला. मतपत्रिका हाती घेताना तो तेथवर कोणत्या वाटेने आला, याची जाणीव असलेली बरी.