हौशी शर्यतीची मोटार आणि वाऱ्याचें वजन

वळवाच्या वादळांत घरावरचा पत्रा उडालेला आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. वारा पत्र्याखालीं शिरून त्याला वर ढकलतो, अशी आपली सामान्यतः समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. वारा छपरावरून वेगानें वाहूं लागला म्हणजे छपराच्या वरील हवेचा दाब कमी होतो, आणि घरांतली स्थिर हवा आपल्या नेहमींच्या दाबानें पत्र्यास खालून उचलते. विमान याच तत्त्वाच्या आधारानें आकाशांत राहतें. आजच्या भाषणाचा जो विषय, म्हणजे हौशी माणसाची शर्यतीची मोटार, तिचें यशापयशहि पुष्कळ अंशीं याच तत्त्वावर अवलंबून आहे.

हौशी मोटार म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. युरोप-अमेरिकेंत, आणि आतां थोड्याफार प्रमाणांत आपल्याकडेहि, असे गृहस्थ आहेत कीं जे आठवडाभर कचेरींत काम करतात आणि सुटीच्या दिवशीं आपली साधी मोटार घेऊन एखाद्या बंदिस्त धांवमार्गावर जातात. जर्मनींतील न्युर्बुर्गरिंगचा १९२७ सालीं खुला झालेला, सुमारें २१ किलोमीटर लांबीचा मार्ग ठराविक दिवशीं शुल्क घेऊन सर्वसामान्य चालकांस मोकळा केला जातो. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें व कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथें असे मार्ग आहेत. अशा दिवशीं बक्षिसाचा प्रश्न नसतो. मागच्या खेपेपेक्षां या खेपेस एक सेकंद आधीं फेरी पुरी व्हावी, एवढाच हेतु असतो. एंजिनाची शक्ति वाढविणें फार खर्चाचें असल्यामुळें या मंडळींची दृष्टि लौकरच वाऱ्याकडे वळते. वारा फुकट आहे. त्याच्याकडून कांहीं काम करून घेतां येईल काय?

मोटार वळण घेते ती टायर व रस्ता यांच्या पकडीच्या जोरावर. टायरवर भार जितका अधिक, तितकी पकड अधिक. मग मोटारींत धान्याचीं पोतीं भरावीं म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. परंतु पोत्याच्या वजनाबरोबर पोत्याचें जडत्वहि येतें. पकड वाढली खरी, पण जें वळवावयाचें, थांबवावयाचें आणि पळवावयाचें, तेंहि तितकेंच वाढलें. हिशेब जेथल्या तेथें राहिला, किंबहुना तोट्यांत गेला. वाऱ्याच्या दाबाची गोष्ट निराळी आहे. तो टायरवर भार टाकतो, पण स्वतःचें जडत्व मोटारीवर लादीत नाहीं. जडत्वावांचून वजन! या शास्त्राचा सारा मोह या दोन शब्दांत आहे.

साधी मोटार मात्र स्वभावतः उलट वागते. तिची पाठ फुगीर व तळ सपाट असल्यामुळें वेगांत ती छपराच्या पत्र्याप्रमाणें वर उचलली जाऊं पाहते. १९९८ सालीं ऑडी कंपनीनें टीटी नांवाची गोल पाठीची देखणी मोटार बाजारांत आणली. अतिवेगांत मार्ग बदलतांना किंवा वळतांना तिची मागची बाजू हलकी होऊन अपघात झाले व कांहीं माणसें दगावलीं. तेव्हां कंपनीनें त्या मोटारी परत बोलावून इतर सुधारणांबरोबर डिकीच्या कडेवर एक लहानशी पट्टी, म्हणजे स्पॉइलर, बसवून दिली. एवढीशी पट्टी, पण तिच्यामुळें पाठीवरून घसरत जाणारा वारा अडतो आणि मागील चाकांवरचा भार टिकून राहतो.

याच्याहि पुढें जाऊन विमानाचा पंख उलटा करून मोटारीवर बसविला तर? ही कल्पना प्रत्यक्षांत आणणाऱ्यांत एक हौशी तरुणच होता. १९५६ सालीं मिखाएल माय नांवाच्या स्विस तरुणानें आपल्या पोर्शे ५५० मोटारीवर चालकाच्या डोक्यावर येईल असा उलटा पंख उभारला आणि ती मोटार न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीस नेली. अधिकाऱ्यांनीं पंखासह शर्यतींत उतरूं दिलें नाहीं, आणि ती कल्पना दहा वर्षें मागें पडली. पुढें १९६६ सालीं टेक्सासमधील जिम हॉल यानें आपल्या शॅपरल मोटारीवर उंच पंख बसविला, तेव्हां जगाचे डोळे उघडले. हॉलचा पंख मोटारीच्या अंगावर नव्हे, तर थेट मागील चाकांच्या आधारांवर उभा होता, आणि सरळ रस्त्यावर चालक पायानें तो आडवा करूं शके.

आतां थोडें गणित करूं. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो असतें. हवा म्हणजे कांहींच नाहीं असें समजणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. समजा, दीड मीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल असा साधा पंख आपण मध्यम कोनांत बसविला. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें तो सुमारें ९ किलो वजनाइतका भार खालीं टाकील. ताशीं १०८ किलोमीटरनें २० किलोंच्या वर. आणि ताशीं १४४ किलोमीटरनें सुमारें ३७ किलो. वेग दुप्पट झाला कीं भार चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून शहराच्या रस्त्यावर असा पंख मिरविणें निव्वळ शोभेचें होय.

वाऱ्याचें वजन फुकट मिळतें असें मघां म्हटलें, परंतु त्यालाहि पट्टी द्यावी लागते. ती म्हणजे रोध. ३७ किलोंच्या भारामागें चार किलोंचा रोध धरला, तर त्या वेगांत एंजिनाची सुमारें दोन अश्वशक्ति केवळ पंख ओढण्यांत खर्च होते. वळणांत मिळविलेलें सरळ रस्त्यावर गमावलें, असें होणार नाहीं ना, हें पाहावें लागतें.

परंतु याहून महत्त्वाची अडचण निराळीच आहे, आणि हौशी माणूस बहुधा तीच विसरतो. १९८९ सालीं निघालेली माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार हौशी लोकांची फार आवडती आहे. तिचें वजन सुमारें १००० किलो, आणि पुढील व मागील आंसांत सुमारें २२६ सेंटिमीटर अंतर. हिच्या मागील आंसापासून ६० सेंटिमीटर मागें आपला पंख उभा केला, असें समजा. शाळेंतील तरफेचा नियम आठवा. मागील आंस हा टेकू. टेकूच्या मागें ३७ किलो दाबले म्हणजे पुढचें टोक उचललें जाणारच. ३७ ला ६० नें गुणून २२६ नें भागलें तर जवळजवळ १० येतात. म्हणजे मागील चाकांवर सुमारें ४७ किलो वाढले, पण पुढील चाकांवरचे १० कमी झाले! अशी मोटार मंद वळणांत पूर्वीसारखीच वागते. मात्र वेगाच्या वळणांत चालकानें स्टिअरिंग फिरविलें तरी ती सरळच जाऊं पाहते. चालक म्हणतो, पंखानें मोटार बिघडली. पंखानें आपलें काम चोख केलेलें असतें. बिघडलेला असतो तो समतोल.

यावर उपाय म्हणून पुढील बंपरच्या खालीं कांहीं बोटें पुढें निघालेली सपाट फळी लावतात. तिला स्प्लिटर म्हणतात, आणि हौशी मंडळी ती प्लायवुडचीच करतात. बंपरवर आपटून थबकलेली हवा या फळीस वरून दाबते व खालून वेगानें जाणारी हवा तिला खालीं ओढते. मात्र फळी व जमीन यांतील अंतरावर सारें अवलंबून असल्यामुळें ब्रेक दाबतांच नाक खालीं झुकून तिचा प्रभाव एकदम पालटूं शकतो. शिवाय पुढचा भार प्रमाणाबाहेर वाढला तर मागची बाजू निसटून मोटार गर्रकन फिरते, आणि तो दोष पहिल्याहून अधिक घातक होय. पारडें किंचित् मागें झुकतें ठेवावें, हेंच शहाणपणाचें.

येथवर कागदावरची गोष्ट झाली. छपरामागचा वारा कागदावरच्या वाऱ्यासारखा स्वच्छ नसतो. तो भोंवऱ्यांनीं गढूळ झालेला असतो. पंख त्यांत सांपडला तर वरील आंकड्यांतले पुष्कळसे किलो हवेंतच विरतात. म्हणून परीक्षा घेतली पाहिजे. मोठ्या कंपन्यांजवळ वाऱ्याचे बोगदे असतात. हौशी माणसाजवळ लोंकर, घड्याळ आणि चिकाटी असते. तेवढ्यावर पुष्कळ भागतें.

पहिली परीक्षा लोंकरीची. चार बोटें लांबीचे लोंकरीचे तुकडे छपरावर, डिकीवर व पंखाच्या खालच्या अंगास चिकटपट्टीनें लावावे, आणि बंदिस्त मार्गावर शेजारून दुसरी मोटार चालवून त्यांचें चित्रण करावें. तुकडे सरळ लवून राहिले तर वारा पृष्ठाला धरून जात आहे. ते थरथरूं लागले किंवा उलटे फिरले तर तेथें वारा सुटला आहे. पंखाचा कोन एकेक-दोन अंशांनीं वाढवीत गेलें म्हणजे एका क्षणीं खालचे तुकडे एकदम नाचूं लागतात. ती मर्यादा. त्यापुढें कोन वाढविल्यास भार घटतो आणि रोध तेवढा वाढतो.

दुसरी परीक्षा रोधाची. वारा पडलेला असतांना, सपाट सरळ मार्गावर ठराविक वेग गांठून गिअर न्यूट्रलमध्यें टाकावा, आणि वेग अमुकपासून अमुकपर्यंत उतरण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. तीच धांव उलट दिशेनेंहि करून दोहोंची सरासरी घ्यावी, म्हणजे चढ-उतार व वाऱ्याची झुळूक यांचा दोष बव्हंशीं निघून जातो. पंखासह आणि पंखाविना असें मोजलें म्हणजे पंखाची किंमत कळते.

तिसरी परीक्षा भाराची. मोटार उभी असतां डिकींत ज्ञात वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून मागची बाजू किती मिलिमीटर दबते तें टिपून ठेवावें. समजा, ८ किलोंस एक मिलिमीटर. मग ताशीं १४४ किलोमीटर वेगाच्या सरळ धांवेंत वर सांगितलेल्या ४७ किलोंनीं ती सुमारें ६ मिलिमीटर दबली पाहिजे. स्प्रिंगजवळ बसविलेल्या मापकानें हें अंतर सारखें टिपतां येतें. रस्त्याच्या खांचखळग्यांनीं तें क्षणोक्षणीं हलतें, म्हणून अनेक धांवांची सरासरी काढावी. सहांच्या ठिकाणीं दोनच मिलिमीटर भरले, तर पंख गढूळ वाऱ्यांत आहे असें खुशाल समजावें, आणि त्याची उंची किंवा जागा बदलावी.

शेवटची परीक्षा घड्याळाची, आणि सर्वांत फसवी तीच. समजा, पंखाविना फेरीस ७५ सेकंद लागले व पंख लावल्यावर ७४. आनंद झाला! पण मधल्या वेळांत टायर तापले, टाकींतील तेल कमी झालें, आणि चालकाचा हातहि बसला. त्यासाठीं पंख काढून पुन्हां पहिल्यासारखी फेरी मारली पाहिजे. तीहि ७४ सेकंदांतच पुरी झाली, तर श्रेय पंखाचें नव्हे. पूर्वीची स्थिति, बदल, पुन्हां पूर्वीची स्थिति, या क्रमानेंच मोजावें; आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. ज्यानें पंख, फळी व टायर एकाच सकाळीं बदलले, त्याला संध्याकाळीं कशाविषयींच कांहीं सांगतां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र या सर्व परीक्षांच्या आधीं पाहिली पाहिजे. ४ मे १९६९ रोजीं स्पेनमध्यें बार्सिलोनाच्या मोंजुइक मार्गावर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस मोटारींचे उंच पंख भरवेगांत मोडले. दोघेहि जगप्रसिद्ध चालक. मोटारी नामांकित कारखान्याच्या. तरी दोघांनाहि भयंकर अपघात झाले, आणि त्याच महिन्यांत उंच पंखांवर बंदी आली. वळणाच्या मध्यावर ज्या भाराच्या भरंवशावर चालक वेग ठेवतो, तो भार एका क्षणांत नाहींसा झाला तर त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. डिकीचा पातळ पत्रा अशा भारासाठीं केलेला नसतो. पंखाचे खांब खालच्या मजबूत सांगाड्यास जोडावे, आणि मोटार हलण्यापूर्वीं पंखावर अपेक्षित भाराच्या दुपटीच्या पिशव्या ठेवून कांहीं वांकतें कां, तें पाहावें. फळीचीहि अशीच परीक्षा घ्यावी. आणि हे सारे प्रयोग बंदिस्त मार्गावरच करावे. जेथें मुलें रस्ता ओलांडतात तेथें नव्हे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फारच थोडे असल्या मोटारींत बसतील. पण एखाद्या घरांतला मुलगा किंवा मुलगी गॅरेजमध्यें प्लायवुड कापतांना दिसली, तर हा पोरखेळ आहे असें म्हणून तिला उठवूं नये. तिला इतकेंच विचारावें, कीं हें मोजणार कशानें? या प्रश्नाचें उत्तर तिच्यापाशीं तयार असेल, तर तिची मोटार वेगवान् होवो वा न होवो, शास्त्राची खरी दीक्षा तिला मिळाली आहे.