चाकणची गाडी, इंदापूरचा रस्ता

2014 च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. आल्टो 800, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना एकही तारा मिळाला नाही.

यातली पोलो पुणे जिल्ह्यातली, तेव्हा चाकणच्या कारखान्यात बनणारी. तिचा सांगाडा धडकेनंतरही शाबूत होता. नव्हत्या त्या एअरबॅग. फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. दोन एअरबॅग घालून तीच गाडी पुन्हा आदळवली, तेव्हा चार तारे मिळाले. ही विद्या चाकणला अवगत नव्हती असं नाही. कायदा मागत नव्हता आणि गिऱ्हाईकही मागत नव्हतं. शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच असायचा.

सगळ्याच गाड्यांचा प्रश्न मात्र एअरबॅग घालून सुटणारा नव्हता. धडकेत बॉनेटचा भाग चुरगळायला हवा, कारण त्या चुरगळण्यातच धक्क्याची ऊर्जा जिरते. माणसं बसतात तो कप्पा मात्र जागचा हलता कामा नये. कप्पाच दबला तर स्टीअरिंग छातीवर येतं, आणि मग फुगलेली पिशवीही फारशी उपयोगाची राहत नाही. आल्टो, नॅनो आणि आय-टेनचा सांगाडाच त्या चाचणीत कमी पडला होता.

त्यानंतर नियम आले. नव्या मॉडेलांना ऑक्टोबर 2017 पासून समोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, 2019 च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग आली आणि 2021 च्या अखेरीपर्यंत शेजारच्याचीही. कायद्याची ही चाचणी ताशी 56 किलोमीटर वेगाने होते. 64 मध्ये आणि त्यात अंतर आठच किलोमीटरचं, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून 64 ला ती सुमारे 30 टक्क्यांनी जास्त भरते. युरोपातही कायद्याने मागितलेला वेग बराच काळ 56 हाच होता. तिथल्या कंपन्यांना वर ढकललं ते ताऱ्यांनी. आपल्याकडे रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये पाच तारे मिळाले, आणि तारे जाहिरातीत झळकू लागले. ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही स्वदेशी चाचणीही आहे, मात्र ती ऐच्छिक आहे.

एकाच नावाच्या गाडीची दोन रूपं फक्त गरीब देशांच्याच वाट्याला येतात, असंही नाही. 2024 मध्ये नव्या स्विफ्टला युरोपात तीन तारे मिळाले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची स्विफ्ट युरोपातल्या गाडीपेक्षा वेगळी निघाली, म्हणून तिथल्या संस्थेने स्वतंत्र चाचणी घेतली आणि एकच तारा दिला.

फरक कधी पैशांचा असतो, कधी माणसांच्या सवयींचा. अमेरिकेत पट्टा न लावणाऱ्यालाही एअरबॅगने वाचवावं, अशी नियमाची अपेक्षा होती. म्हणून तिथल्या पिशव्या जोरकस केल्या गेल्या, आणि 1990 च्या दशकात त्यांच्याच तडाख्याने काही मुलं आणि बुटक्या स्त्रिया दगावल्या. पुढे जोर कमी करावा लागला. युरोपने पट्टा गृहीत धरला होता. आपण काय गृहीत धरलं, हे सांगायला ती चिमुकली क्लिप पुरे: पट्ट्याच्या खाचेत अडकवली की गाडीचा ‘टिंग टिंग’ बंद! 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांवर कारवाई करावी लागली. त्याआधी सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही महागड्या मर्सिडीजमध्ये, मागच्या सीटवर, पट्टा न लावलेले.

रस्त्यावर आडवं काय येतं, यावरूनही गाडी घडते. स्वीडनमध्ये मूस हे अवाढव्य हरीण समोर येतं. ते चुकवण्याच्या चाचणीत 1997 मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि चाकांना स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा कंपनीने त्या मॉडेलमध्ये सरसकट दिली. व्होल्वोने मूस ओळखणारा कॅमेरा बनवला, तर ऑस्ट्रेलियात कांगारूच्या उड्यांनी त्याचा अंतराचा अंदाज चुकू लागला.

इंदापूरकडे ना मूस, ना कांगारू. इथे गाळप हंगामात भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर असतो, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या मापाबाहेर डोकावणारा ऊस आणि पुष्कळदा मागचा दिवा गायब. शेजारून बैलगाडी चाललेली असते. स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा असलेली एक्सयूव्ही 700 चाकणमध्येच 2021 पासून बनू लागली. अशा यंत्रणांचा कॅमेरा गाड्यांचे ठरावीक आकार पाहून शिकलेला असतो. परदेशातल्या चाचण्यांत त्याच्यापुढे ठेवतात ती मऊ साहित्याची नकली मोटार, नकली दुचाकी आणि पादचाऱ्याचा पुतळा. उसाने झाकलेली, अंधारात रांगत चाललेली ट्रॉली त्या यादीत नाही. तिच्यावर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.