धंदा आणि एडीएचडी: आधी झोप सांभाळा, ॲप नंतर

ऑर्डर घेताना जाम उत्साह, पण बिल बनवायचं आठ-आठ दिवस राहतं. डोक्यात रोज नवी आयडिया, जुनी अर्धवट. जीएसटीआर-३बी दर महिन्याच्या २० तारखेला भरायचं हे पाठ असतं, तरी तारीख हुकते आणि दिवसाला ५० रुपये लेट फी बसते. घरचे म्हणतात, आळशी आहे. मित्रांनो, दरवेळी तो आळसच असतो असं नाही.

हे शाळेपासून चालू असेल तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. एडीएचडीची लक्षणं साधारण बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागतात. धंदा सुरू केल्यावरच लक्ष उडायला लागलं असेल, तर टेन्शन, कमी झोप किंवा थायरॉइडसुद्धा असू शकतं. रील बघून स्वतःचं निदान करू नका. जेटब्लू विमान कंपनी काढणारे डेव्हिड नीलमन यांनी आपल्याला एडीएचडी असल्याचं उघड सांगितलंय. (म्हणून एडीएचडी असला की धंदा आपोआप मोठा होतो असं काही नाही हं!)

आता सवयी. सगळ्यात आधी झोप. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं डोकं रात्रीच जास्त चालतं. 'दहाला झोपायचंच' हा हट्ट टिकत नाही. त्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर थोडा वेळ उन्हात जा. संध्याकाळचा चहा कमी करा. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सहाचा कटिंग अकरा वाजता अजून अंगात असतो.

दुसरं, व्यायाम. जिमची फी भरायची गरज नाही. वीस-तीस मिनिटं दम लागेल असं चाला किंवा सायकल मारा. त्यानंतर थोडा वेळ लक्ष जास्त टिकतं. ही वेळ इन्स्टावर घालवू नका! सगळ्यात कंटाळवाणं काम तिथेच टाका: बिलं, उधारीची वही, रिटर्न. चालणं सकाळी जमत नसेल तर दुपारी शटर अर्धं ओढून जा, पण परत आल्यावर आधी वही उघडा, मग फोन.

जेवण चुकवू नका, विशेषतः गोळ्या चालू असतील तर, कारण काही गोळ्यांनी भूक मरते. आणि चालायला लागलो, बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.